काकवीचा ब्रेक

मी एकदा असा ब्रेक दाबला की माझी सावली पुढं जाऊन पडली आणि मी मागं राहिलो. खोटं वाटत असेल तर माझ्या बायकोला, कुशाबाईला विचारा. ती म्हणेल, "लबाड."

लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक थापेला तिनं हाच शब्द लावला, आणि तो म्हणताना ती हसायची. मागल्या वर्षी तिचं अर्धं अंग गेलं. बाकीचे शब्दही गेले. हा तेवढा राहिला.

पोरांनी रान वाटलं, तसं आम्हालाही वाटलं. मी पळसदेवला धाकट्या युवराजकडं, ती तिकडं इंदापूरच्या अलीकडं थोरल्या रविराजच्या वस्तीवर. भावाभावांचं बोलणं बंद, म्हणून इकडची मोटारसायकल तिकडं जात नाही. एसटी मोठ्या रस्त्यानं निघून जाते, आणि तिथून वस्तीपर्यंत चालायला माझे गुडघे तयार नाहीत. पायडलवर मात्र ते बैलगाडीच्या चाकासारखे फिरतात. म्हणून दर सोमवारी माझी जुनी काळी सायकल, एक ताजी थाप, आणि वस्तीच्या दारात खुर्चीवर वाट बघणारी कुशाबाई.

यंदा ब्रेकची रबरं पार झिजली. एका सोमवारी उतारावर मी थांबलो तो उसाच्या ट्रॉलीला धडकूनच. ते युवराजच्या कानावर गेलं.

"आबा, ब्रेक न्हाय तर सायकल न्हाय. रविवारी सकाळी उजनी धरणाच्या पाण्याकडल्या उतारावर दाखवा. लिंबाच्या झाडापाशी थांबली तर तुमची, न्हायतर भंगारवाल्याची."

त्याचं चुकलं नव्हतं. भ्यालेला माणूस असाच ओरडतो.

बारामतीला रतनच्या सायकलच्या दुकानात गेलो. तिथं रबरं भिंतभर टांगलेली. लांब, आखूड, रंगीत, नि डिस्कवाल्या सायकलींच्या बारक्या पट्ट्या वेगळ्याच. मी एक लालभडक जोडी उचलली.

"ठेवा आबा," रतन म्हणाला. "ती रिमला दोन्ही बाजूंनी चिमटा घेत्यात. तुमचा ब्रेक दांडीचा. तुमचं रबर खालनं वर येतं अन् रिमला आतल्या अंगानं लागतं."

"मग तसली दे की."

"तसली आता कोण मागतंय? एक जोडी हाय, पण पडून पडून दगड झालीय."

"दगड तर दगड. मीबी झालोच हाय."

त्यानं तो दगड पॉलिश पेपरवर घासला, काळं कातडं काढलं, नट सैल करून दोन्ही रबरं एकदम टेकतील अशी बसवली. म्हणाला, "रिम कोरडी ठेवा. तेल न्हाय, ग्रीस न्हाय, कायबी लावायचं न्हाय."

"थुंकी?"

"आबा!"

शनिवारी संध्याकाळी उतारावर जाऊन बघितलं. सायकल जरा विचार करून थांबायची, पण लिंबापाशीच थांबायची. तिथनंच गप घरी यायला पाहिजे होतं. पण आम्हा उसाच्या मुलखातल्या माणसांचा चिकटपणावर फार विश्वास. गुऱ्हाळात काकवी सांडली की चप्पल तिथंच राहते आणि माणूस पुढं जातो. मी वाटीभर काकवी आणली, रबरांना फासली, रिमला फासली. उतारावर ब्रेक दाबला, आणि सावलीचं ते तेव्हाच झालं. कुशाला सांगायला थाप तयार झाली, म्हणून मी खुशीत झोपलो.

सकाळी उजनीच्या पाण्यावरनं धुकं आलं. सायकल दवानं भिजली होती. रात्रीतनं काकवीचं सरबत झालं होतं, हे मला लिंब मागं पडल्यावर कळलं.

"आबा, दाबा की!" युवराज मागं पळत होता.

"दाबलाय रं!"

पुढचं चाक पाण्याकाठच्या चिखलात दुमडलं आणि मी तोंडावर पडलो. युवराजनं मला उचललं. माझे पाय धुतले, कोपराला हळद लावली, आणि दुपारी सायकल भंगारात घातली. नुसता रतनचा दगड ठेवला असता तर थांबली असती. आदल्या दिवशी थांबली होतीच की.

सोमवारी थोरल्या सुनेला, वृषालीला फोन लावला. तिनं तो कुशाच्या कानाशी धरला. माझ्याजवळ थाप होती, मोठी होती, उजनीतल्या माशानं सायकल गिळल्याची. ती तोंडात आली नाही.

"कुशा, सायकल गेली. आता मला यायला जमायचं न्हाय."

पलीकडनं ते अर्ध्या तोंडाचं हसू आलं.

"लबाड."

"न्हाय गं. देवाशप्पथ. खरंच जमायचं न्हाय."

"लबाड!" आणखी मोठ्यानं हसली.

वृषालीनं फोन घेतला. "काय सांगितलं ओ आबा? लई दिसांनी एवढ्या मोठ्यानं हसल्या. अन् आता दाराकडं हात करत्यात, खुर्ची भाईर न्यायला लावत्यात. नेऊ का?"

मी म्हणालो, "ने. ऊन आलं की आत घे."