खालचा हुक

“साखळी खालच्या हुकाला, कस्तुरा. कायम खालच्या. वर बांधलीस की ट्रॅक्टर घोड्यावानी मागल्या पायांवर हुभा ऱ्हातो. घोडा नुसता पाडतो. ह्यो अंगावर बसतो.”

मामंजींना जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी वाकून साखळी अडकवताना त्यांचा आवाज कस्तुराच्या कानात आल्याशिवाय राहत नसे. तिने हुकातली कडी ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि पांढऱ्या साडीचा पदर खोचून ट्रॅक्टरवर चढली. साडीवर तिने मामंजींचाच जुना खाकी शर्ट घातला होता. पौर्णिमेचं पांढरं नेसणं चुकवायचं नाही आणि ते ग्रीसने माखवायचंही नाही, यावर तिने काढलेली ही तोड होती. सीटखालची स्प्रिंग तिच्या वजनाने बारीक कुरकुरली.

खाली ओढ्याच्या वाकणातून भैरूने हात वर केला. पहिला गिअर, आणि क्लच हलके हलके सुटला. गवतात पडलेली साखळी उठली, ताणली, आणि आठवा ओंडका तोंडावर निळी टोपी घालून चढ चढू लागला. टोपी म्हणजे केमिकलचा रिकामा प्लास्टिकचा ड्रम, मधोमध कापलेला. ओंडक्याचं तोंड त्यात बसवलं की ते मातीत रुतत नाही, घसरत वर येतं.

“ओंडक्याला बी हेल्मेट सक्तीचं केलं वहिनींनी,” असं भैरू शुक्रवारपासून म्हणत होता आणि दर वेळी स्वतःच हसत होता. झाडं कापायची मशीन त्याची, ओढायचा ट्रॅक्टर कस्तुराचा, अशी त्यांची जोडी. झाडं पाडण्याच्या आदल्या संध्याकाळी कस्तुराने अकराही बुंध्यांवर कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने तीनतीनदा ठोकलं होतं. वर जे कोण राहत असेल त्याने रातोरात बिऱ्हाड हलवावं म्हणून. सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी कुणाचं घरटं मोडायचं, हे तिच्या मनाला पटत नसे. भैरू त्यालाही सोडायचा नाही. वहिनी झाडांना नोटीस देतात, म्हणायचा. पण पहिल्या दिवशी एका ढोलीतून घुबड उडालं, तेव्हापासून तोही बुंध्यावर तीन ठोके मारल्याखेरीज मशीन चालू करीत नसे.

निघोजेच्या अलीकडचा हा ओढा. जुन्या मालकाने काठाकाठाने लावलेली निलगिरी आता गोडाऊनच्या भिंतीच्या आड येत होती. प्लॉट साफ करायचं काम घेतलेला कुलदीप म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा, पायात पांढरे बूट, हातात दोन मोबाईल. सोमवारी सकाळी भिंतीचा पाया खणायला घेणार होते. तोवर वर आलेलं लाकूड पॅलेटच्या कारखान्याला जाणार, आणि खाली राहिलेल्यावर जेसीबी माती लोटणार. त्याने आधी हायड्रा क्रेन आणली होती. तिच्या ड्रायव्हरने काठावरूनच ओढा पाहिला, पिंक टाकली आणि आल्या वाटेने क्रेन परत नेली. तेव्हा कुठे कस्तुराला बोलावणं आलं. ट्रॅक्टर पाहिल्यावर कुलदीपने आधी त्याच्यासोबत सेल्फी काढला.

“मावशी, हा म्युझियममध्ये शोभेल.”

“आधी ओढून तर बघू,” कस्तुरा म्हणाली होती.

ट्रॅक्टर खरोखर तिच्या लग्नाच्या आधीचा. मामंजी, म्हणजे साहेबराव, सोपानराव पाटलांकडे त्याच्यावर ड्रायव्हर होते. पाटलांची जमीन कंपनीत गेली तेव्हा ज्याने चालवला त्यालाच असू दे म्हणून सोपानरावांनी तो साहेबरावांच्या दारात आणून उभा केला. साहेबराव डावा पाय ओढत चालायचे. विहिरीचं काम करताना दगड पडून चवडा गेला, हे सगळ्या गावाला माहीत होतं. क्लच दाबायला पाय पुरेना, तसं त्यांनी सुनेला शिकवलं. मुलाला नाही. मुलगा समाधान कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा, दिवसाला शेकडो पॅलेट उचलायचा आणि ठेवायचा, पण घरच्या ट्रॅक्टरवर त्याने चोवीस वर्षांत पाय ठेवला नव्हता. भावकीतले लोक लग्नकार्यात यावरून त्याची खेचायचे. तो हसून उठून जायचा.

जाण्याच्या आठ दिवस आधी साहेबरावांनी कस्तुराकडून शब्द घेतला होता. “समाधान एकदा त्याच्यावर बसू दे. मग इका, न्हाईतर मोडा. तोवर देऊ नको. आन् तू त्याला बस म्हनू नको. त्याचा तो बसला पायजे.”

तिने शब्द दिला, आणि गेल्या महिन्यात समाधानने ट्रॅक्टर काढायचं ठरवलं. उभा करायला जागा नाही, तिथे भाड्याच्या दोन खोल्या निघतील, असं त्याचं म्हणणं. कस्तुराने कधी नव्हे तो हट्ट धरला. शेवटी त्याने तिढा सोडवला: निलगिरीचं काम मुदतीत झालं तर राहू दे, एक जरी ओंडका खाली राहिला तरी सोमवारी कुदळवाडीचा भंगारवाला येईल. ती कबूल झाली. आज रविवार होता.

आठवा ओंडका वर येऊन इतरांशेजारी लागला. उरले तीन. त्यातला एक म्हणजे ओढ्यातल्या सगळ्यांत जुन्या झाडाचा बुंधा, भैरूच्या कवेत न मावणारा, आणि तो नेमका बाकीच्या दोघांवर आडवा पडला होता. तो हलल्याखेरीज ते दोन निघणार नव्हते.

भैरूने साखळीचा फास घातला. टोपी काही बुंध्याच्या तोंडाला बसेना, अर्धीमुर्धी अडकवली. कस्तुराने क्लच सोडला. साखळी थरथरली, मागची चाकं जागच्या जागी फिरली, धुराचा लोट उठला. बुंधा वीतभर सरकला, टोपी तडकन उडाली आणि त्याचं तोंड काळ्या मातीत घुसलं. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा आणखी घुसलं. तिसऱ्यांदा कस्तुराने ओढलंच नाही. इंजिन बंद करून ती नुसती बसून राहिली.

तेवढ्यात काठावर स्कूटर थांबली. समाधान डबा घेऊन आला होता. पौर्णिमेला ती उपोसथ धरायची; दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. तो स्वतः असलं काही पाळत नसे, पण कोणतीही शिफ्ट असो, पौर्णिमेला बाराच्या आत तिचा डबा तिच्यापाशी पोचवण्यात आजवर खंड पडला नव्हता.

“साडेअकरा झालेत. जेवून घे.”

ती बाभळीच्या सावलीत बसली. भाकरी आणि मेथी. तो शेजारी बसला, ट्रॅक्टरकडे पाठ करून. किती राहिले, त्याने विचारलं. तिने तीन बोटं दाखवली. तिला वाटलं, त्याला आनंद व्हायला हवा होता, तसा तो झालेला दिसत नाही.

इकडे कुलदीपला धीर निघेना. ओंडक्याचं तोंड रुततंय ना, मग साखळी वर घेतली की तोंड आपोआप उचललं जाईल, साधं लॉजिक आहे, असं भैरूला समजावत तो ट्रॅक्टरमागे गेला. मदतच करत होता बिचारा. त्याने खालच्या हुकातून कडी काढली आणि वरच्या भोकापाशी धरून त्यात पिन ठोकली.

लोखंडावर लोखंड वाजलेलं कस्तुराने ऐकलं. हातातला घास तसाच ठेवून ती उठणार, तोवर समाधान उठला होता. त्याने वळूनही पाहिलं नव्हतं. नुसत्या आवाजावर उठला होता. तो सरळ ट्रॅक्टरमागे गेला, कुलदीपला खांद्याने बाजूला सारलं, पिन उपसली आणि लांब गवतात फेकली. मग गुडघ्यांवर बसला आणि साखळी खालच्या हुकात घातली. कडी ओढून पाहिली. पुन्हा एकदा ओढून पाहिली.

“दादा, लोड उचलायचा तर पॉइंट वर नको का?” कुलदीप गोंधळून म्हणाला.

“माझ्या बापाचा पाय गेलाय ह्यात.” समाधानने आवाज चढवला नाही. “मी बांधली व्हती. अशीच, वर. एकोणीस वर्साचा व्हतो. ट्रॅक्टर उठला तसं तात्यांनी मला ओढून खाली टाकलं आन् सोता क्लचवर पाय दिला. तितंच चवडा चेंगरला.”

भैरूने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. विहिरीतल्या दगडाची गोष्ट तो लहानपणापासून ऐकत आला होता. कुलदीपने गवतात जाऊन पिन शोधली आणि आणून टूलबॉक्समध्ये ठेवली, अगदी हळू.

कस्तुराने उरलेली भाकरी संपवली. बाराला सहा मिनिटं होती. हात धुऊन, डबा बांधून ती आली, तोवर समाधान उडालेल्या ड्रमपाशी उकिडवा बसून तो उलटासुलटा करून पाहत होता.

“टोपी कशाला पायजे,” तो भैरूला म्हणाला. “फोर्कसारखं खालनं सरकवायचं. कुऱ्हाड आण.”

ड्रमचा तळ उडवून त्याने तो बाजूने उभा चिरला आणि पायाने दाबून उघडला. सुपासारखा पसरट झाला. दोघांनी बुंध्याच्या तोंडाखालची माती कोरली, पहारीने तोंड उचकटलं, सूप खाली सरकवलं आणि साखळीखाली बांधून टाकलं. कस्तुराने ट्रॅक्टर दहा पावलं पुढे, कडक जमिनीवर घेतला. पुढच्या बंपरवर भैरूने दगडांची दोन पोती लादली. समाधान साखळीपासून चांगला लांब, काठावर उभा राहिला आणि कंपनीत देतात तशी हाताने खूण केली: सावकाश, सावकाश.

तिने मनात तीन आकडे मोजले आणि क्लच सोडला.

साखळी ताणली. चाकं एकदा घसरली, मग त्यांनी जमीन धरली. पुढची चाकं जागची उठली नाहीत. इंजिनाचा आवाज जाड झाला, आणखी जाड झाला, आणि बुंध्याने तोंड वर केलं. चिखलातून सुटताना त्याने एवढा मोठा आवाज केला की बांधावरचे बगळे उडाले. निळ्या सुपात बसून तो निघाला. एक हात, चार हात, चढाच्या मध्यावर. समाधानचा हात हवेत तसाच सावकाश हलत होता. कस्तुराने मागे एकदाच पाहिलं, ते बुंध्याकडे नाही, त्या हाताकडे. मग ती पुढे पाहत राहिली आणि ट्रॅक्टर चालत राहिला, वयाला शोभेल अशा चालीने, न थांबता, थेट बाकीच्या ओंडक्यांच्या रांगेपर्यंत.

भैरूने बुंध्यावर चढून दोन्ही हात कमरेवर ठेवले. “हाय का कुणाचा हायड्रा?” त्याने रिकाम्या रस्त्याला विचारलं. कुलदीपने शूटिंग करायला मोबाईल वर धरला होता, पण बटण दाबायचं त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. बुटांवरचा चिखल न पुसता तो कस्तुरापाशी आला.

“मावशी, चिंबळीचे दोन प्लॉट आहेत. ते तुम्हीच करायचे.”

ती हसून मान हलवून म्हणाली, आधी हे दोन तर काढू. बारीकच होते, तासाभराचं काम. कुलदीप भैरूला घेऊन चहाला गेला.

ट्रॅक्टर चालूच होता. कस्तुरा खाली उतरली. समाधान हुकापाशी उभा होता.

“तात्या जल्मभर विहिरीतला दगड सांगत ऱ्हायले,” तो म्हणाला. “मी बी गप ऱ्हायलो. तुला तरी मी...”

“मला म्हाईत व्हतं.”

त्याने वर पाहिलं.

“कवापास्नं?”

“शिकवायला घेतलं त्या दिवसापास्नं. पहिल्यांदा हुक दावला, मग सांगितलं. तुमी ईचारलं असतं तर खोटं बोलले नसते. ईचारलं न्हाई.”

इंजिन धडधडत होतं. खाकी शर्टाच्या बाहीने तिने कपाळ पुसलं.

“मामंजी म्हनले, पोराची चूक न्हाई. साखळी कुठं बांधायची ते पोराला आधी सांगायला पायजे व्हतं. म्या सांगितलंच न्हवतं.”

समाधान खाली बसला. हुकावरचा चिखल त्याने अंगठ्याने पुसला. मग त्याने बुंध्याची साखळी सोडवली आणि तिचं एक टोक पुन्हा खालच्या हुकात अडकवलं.

कस्तुराने शर्ट काढला, त्या शर्टानेच सीटवरची धूळ झटकली आणि तो घडी करून टूलबॉक्सवर ठेवला. साखळीचं दुसरं टोक खांद्यावर घेतलं, निळं सूप काखेत धरलं.

“दोन ऱ्हायलेत. मी खाली बांधते,” ती म्हणाली. “हात वर केला की सावकाश सोडा.”

एवढं बोलून ती उताराला लागली. पांढऱ्या साडीत, अनवाणी, साखळी मागे गवतातून खुळखुळत उलगडत होती. निम्म्या उतारावर तिच्या मागे सीटखालची स्प्रिंग कुरकुरली. बारीक नाही, मामंजी बसायचे तेव्हा व्हायचा तसा, भारी, लांबलचक आवाज. कस्तुराने वळून पाहिलं नाही. ओढ्यात उतरून तिने ओंडक्याला फास घातला, कडी दोनदा ओढून पाहिली, आणि हात वर केला.