टिटवीसमोर उभा लपणतंबू

मित्रांनो, मी एक जुना लपणतंबू आहे आणि स्वभावाने काळजीखोर आहे. तंबूला कसली आलीय काळजी, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्या पोटात माणूस आणि समोर घरटं, त्याला दोन्हीकडची काळजी करावी लागते.

रानपाखरांचे फोटो काढायची हौस असलेले लोक माझ्यासारख्याच्या आत दडून बसतात. माणूस दिसला की पक्षी उडतो. तंबू दिसला तर आधी संशय घेतो आणि मग हळूहळू विसरून जातो. विसरलं जाणं हेच माझं काम. ते मी मन लावून केलं.

माझा जन्म दातांच्या डॉक्टरांच्या सासूबाईंच्या शिलाई मशीनवर झाला. दवाखान्याचा तपकिरी पडदा, स्कूटरचं हिरवं आच्छादन आणि जावईबापूंची एक विजार, असं माझं घराणं आहे. विजारीचा डावा पाय माझ्या खिडकीला शिवला. कॅमेऱ्याची लेन्स त्यातून बाहेर डोकावते. उजव्या पायाचं पुढे काय झालं, मला कोणी सांगितलं नाही. अधूनमधून आठवण येते.

आमची एक पद्धत होती. डॉक्टर आणि सासूबाई दोघं मिळून आत शिरायचे. थोड्या वेळाने सासूबाई एकट्याच बाहेर पडायच्या आणि दूर निघून जायच्या. पक्ष्यांना मोजता येत नाही म्हणतात. एक बाहेर आला की त्यांना वाटतं, तंबू रिकामा झाला. सासूबाईंचा मात्र पक्ष्यांच्या हुशारीवर भरवसा कमी. त्या जाताना मोठ्याने सांगायच्या, "निघाले बरं का मी. आत आता कुणी नाही."

आतून डॉक्टर कळवळून म्हणायचे, "आई, सांगू नका हो."

"ऐकलंत? कुणी नाही," असं म्हणून त्या चालू लागायच्या.

दुसरा नियम असा, की पहिल्या दिवशी मला घरट्यापासून पुष्कळ लांब उभं करायचं, मग रोज थोडं थोडं पुढे सरकवायचं. पाहुणा जसा आधी ओसरीवर बसतो आणि चार दिवसांनी स्वयंपाकघरात येऊन डबे उघडतो, तसं. या सबुरीवर आम्ही बरीच वर्षं नाव कमावलं. बुलबुल, सुतार, वेडा राघू, सगळे आमच्यासमोर बिनधास्त वागले. लोकांनी डॉक्टरांची पाठ थोपटली. माझी कोणी थोपटली नाही. थोपटली असती तर धूळच उडाली असती म्हणा.

मग हौशी मंडळींच्या प्रदर्शनात डॉक्टरांसारख्याच हौशी एका वकिलांनी खंड्याचा फोटो लावला. चोचीतल्या माशाच्या डोळ्यातलं आश्चर्यसुद्धा त्यात दिसत होतं. डॉक्टर त्या माशाकडे बराच वेळ बघत राहिले म्हणे. पुढच्याच आठवड्यात नवी लेन्स आली, नळाच्या पाइपाएवढी. विजारीच्या पायातून ती हातभर बाहेर राहायची. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं.

तळ्यापलीकडच्या मोकळ्या माळावर टिटवीची चार अंडी होती. टिटवी घरटं म्हणून काही बांधत नाही. खड्यांमध्ये उघड्यावर, खड्यांसारखीच अंडी घालते. ऊन चढलं की तळ्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर सावली धरून उभी राहते, नाहीतर ती आतल्या आत शिजतील.

डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी थेट अंड्यांजवळ नेलं.

"जावईबापू, आज एकदम एवढ्या जवळ?"

"अंडी कधीही फुटतील, आई. पिल्लू बाहेर येतानाचा फोटो वकिलांकडेसुद्धा नाही."

"वकिलांचं राहू द्या. टिटवी काय म्हणेल?"

"काही नाही म्हणत. होईल सवय."

सासूबाई जाताना नेहमीचं बोलल्या, पण त्या दिवशी त्यांचा आवाज जरा बारीक होता.

टिटवी आली. पोट भिजलेलं होतं. माझ्याकडे पाहून ती थांबली. माझ्या विजारीतून एक काळा पाइप तिच्याकडे वळला. ती चार पावलं मागे गेली. पुढे आली, पुन्हा मागे गेली. ऊन चढत होतं. तिच्या पोटावरचं पाणी वाळून गेलं आणि ती परत तळ्याकडे उडाली.

मित्रांनो, मी कापडाचा आहे. मला तोंड नाही, फक्त चेन आहे. समोर चार अंडी उन्हात उघडी पडली होती, माझी सावली नेमकी उलट्या बाजूला पडत होती, आणि मी खुंट्यांनी जखडलेला. मी जमेल तेवढा गप्प उभा राहिलो. तंबूने आणखी काय करावं?

ती दुसऱ्यांदा ओली होऊन आली. पुन्हा तशीच उभी, पुन्हा कोरडी झाली.

"झालंच, दोन मिनिटं," डॉक्टर पुटपुटले. ही त्यांची खुर्चीवरच्या पेशंटला मारायची थाप. ती दोन मिनिटं किती लांबतात, हे मला ठाऊक होतं. दवाखान्यातल्या दाराआड घडी होऊन मी कितीतरी वर्षं ते ऐकलं आहे.

ती तिसऱ्यांदा आली तेव्हा चोच उघडी टाकून धापत होती. डॉक्टर उघडी तोंडं बघण्यात तरबेज. त्यांनी ते पाहिलं आणि बोट बटणावरून उचललं. मग लेन्स आत ओढून घेतली. टिटवी एक पाऊल पुढे आली, पण तेवढंच.

आता बाहेर पडायचं तरी कसं? माणूस दिसला असता तर ती आणखी दूर गेली असती. आमच्या पद्धतीप्रमाणे सासूबाईंनी आणायला यायचं, आणि त्या हाक ऐकू जाणार नाही एवढ्या लांब. डॉक्टरांनी थोडा विचार केला. मग खाली वाकून आतूनच माझ्या खुंट्या उपटल्या, कॅमेरा पोटाशी धरला, मला डोक्यावर तोललं आणि ते मागच्या मागे चालू लागले.

आयुष्यात पहिल्यांदाच मी चाललो. दगडांवर अडखळत, काटेरी झुडपात फाटत, खाली दोन बूट घेऊन एक अख्खा तंबू माळावरून निघाला होता. मागे काय आहे ते दोघांनाही दिसत नव्हतं.

मागे सासूबाई होत्या, हातात दुर्बीण घेऊन.

"जावईबापू, आत तुम्हीच ना?"

"मीच. आई, ती आली का बघा."

"मी हे काय बघतेय, ते आधी कळू द्या मला."

"आई, टिटवी."

दुर्बीण वर गेली. "उभी आहे. तुमच्या बुटांकडे बघतेय. आणखी मागे या. आणखी. चालली पुढे. थांबली." माझ्या पोटात डॉक्टरांनी श्वास धरला होता, तो मला शिवणीत जाणवत होता.

"बसली," सासूबाई म्हणाल्या.

"ओली होती का?"

"एवढं नाही दिसलं."

त्यानंतर मला गाडीच्या डिकीत टाकलं आणि तिकडे कोणी नेलं नाही. अंड्यांचं काय झालं, हे तंबूला कोण सांगणार? अंधारात पडून मी तेच तेच मनात उगाळत राहिलो.

मग एके दिवशी सासूबाईंनी मला ठिगळ लावायला मांडीवर घेतलं. डॉक्टर समोर बसले होते.

"तीन पिल्लं आहेत," सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या. "रस्त्यावरूनच पाहिली. काड्यांवर कापूस ठेवावा तशी पळतात."

"अंडी चार होती."

"होती."

"त्या दिवसामुळे?"

"ते मला काय माहीत? आणि टिटवीला विचारायला गेलात तर ती पुन्हा उठेल."

प्रदर्शनात त्या वर्षी डॉक्टरांचा फोटो नव्हता. वकिलांनी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, प्रकाश बरोबर नव्हता.

आता मी विटलोय, माझी चेनही अर्ध्यात अडकते. आम्ही अजून जातो, पण लांबच उभे राहतो. चौथ्या अंड्याचं कोडं मला सुटलेलं नाही. कदाचित ते आधीपासूनच वांझ असेल. कदाचित नसेल.

मित्रांनो, तुम्हीही कधी पाखरांचे फोटो काढाल. पाखरू आपल्या अंड्यांपाशी यायला घाबरतंय असं दिसलं, तर दोन मिनिटंसुद्धा थांबू नका, मागे व्हा. तुमचा तंबू तुम्हाला काही सांगणार नाही. त्याला कितीही वाटलं तरी, पाय फक्त आतल्या माणसालाच असतात.