लाल डब्यातल्या नऊ बाटल्या

साहेबांनी आधी बाळाची चौकशी केली, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"सात महिन्यांचा झाला ना? रात्री झोपू देतो का?"

"देतो," मी म्हटलं. महिनाभर मी सलग तीन तास झोपले नव्हते. पण आमचं काम डोळ्यांचं. आपले डोळे चुरचुरतात हे तपासणी खात्याच्या साहेबाला कोण सांगेल?

"मग कायम व्हायचा कागद या महिन्यात निघायला हरकत नाही."

त्यांनी खणातून एक पुठ्ठ्याचा खोका काढला. आत इंजेक्शनच्या वीस बाटल्या. कुणात केस, कुणात काचेचा कण, कुणाच्या गळ्याला नखाएवढी चीर. प्रत्येकीच्या बुडाला एक ठिपका होता. तो साध्या उजेडात दिसत नाही, निळ्या बॅटरीत चमकतो.

"या उद्या मावशीच्या ताटांत मिसळायच्या. तुम्ही शेजारी बसता, तुम्हाला सोपं. संध्याकाळी मी तिचा लाल डबा तपासेन. वीसच्या वीस निघाल्या तर प्रश्नच नाही."

"आणि नाही निघाल्या तर?"

"तर नजर गेली. वय हा शब्द तोंडातून काढायचा नाही हं. नजर म्हणायचं. नजर कुणाचीही जाऊ शकते."

"मग माझीही तपासणार का?"

"तुमचं वय काय?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच हसले.

मी खोका घेतला. कायम झालं की कारखान्याच्या तळमजल्यावरच्या पाळणाघरात जागा मिळते. तोवर बाळ सासूबाईंकडे. त्यांच्या डोळ्याला डोळा लागला की ते रांगत पलंगाच्या कडेपर्यंत यायचं. एकदा पडलंही होतं. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, कपाळावरचं टेंगूळ मीच बोटांनी चाचपून शोधलं. शिवाय मनाशी म्हटलं, मावशी सगळ्या काढेल. उलट तिचं भलंच होईल.

मावशी म्हणजे घारमावशी. हे नाव जुन्या बायकांनी पाडलेलं. आमच्या प्रत्येकीसमोर एक पाटी असते, अर्धी काळी, अर्धी पांढरी, आणि वर दिवा. बाटली उचलायची, काळ्यावर फिरवायची, पांढऱ्यावर फिरवायची, चांगली तर ताटात, वाईट तर पायाशी लाल डब्यात. मी एक बाटली फिरवेपर्यंत मावशी दोन फिरवायची, तेही तोंड चालू ठेवून. एकतीस वर्षं ती हेच करत होती. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ते तिला काढायचेच होते, कारण निवृत्त झालेल्यांच्या घरच्यांना कारखान्याचं दवाखान्याचं कार्ड पुढेही चालतं. काढून टाकलेल्यांचं बंद होतं. तिच्या नवऱ्याचं रक्त आठवड्यातून दोनदा यंत्रावर धुवावं लागे.

"आमचे हे त्या कार्डावर जगतात गं," ती म्हणायची. "माझ्यावर तर कधी जगलेच नाहीत!"

दुसऱ्या दिवशी ती हात धुवायला गेली तेव्हा मी बाटल्या मिसळल्या. चार ताटांत पाच-पाच. एकही बाटली दुसरीवर वाजली नाही. हे मला नंतर आठवलं.

दुपारी माझं अंग दुधाने भरून आलं. मी रोज संडासात उभी राहून दूध काढून ओतून द्यायचे. बसायला जागा नाही, दाराला कडी नाही, पाय आडवा लावून धरायचा.

"जा तू," मावशी म्हणाली. "पदर भिजायची वाट बघतेस का? आणि सावकाश ये. तुझ्याकडे बघितलं की मलाच जांभई येते."

"साहेब आले तर?"

"आले तर सांगते, बाई दूध सांडायला गेलीय, तुम्ही रडू नका."

पंचवीस मिनिटांनी परत आले तेव्हा ती नवं ताट ओढत होती. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "शेजारधर्म केलाय. पाय जपून ठेव."

आमच्यात ही जुनी रीत होती. डब्यात फारच कमी बाटल्या दिसल्या की साहेबांना वाटे, ही बाई बघतच नाही. म्हणून जिच्याकडे जास्त निघाल्या ती शेजारणीच्या डब्यात दोन-चार सरकवायची. साहेबांना हे माहीत नव्हतं. एकीनेही कधी बाहेर सांगितलं नव्हतं. मीही त्या दिवशी त्यावर विचार केला नाही. मी फोनवर बाळाचा फोटो आलाय का ते बघत होते.

सुटीच्या घंटेला साहेब ऑफिसातल्या मॅडमना घेऊन आले. मावशीला उभं केलं. तिचा डबा टेबलावर रिकामा करून निळी बॅटरी फिरवली. ठिपके चमकायला लागले.

"अकरा," साहेब म्हणाले. "वीसपैकी अकरा."

"कसले वीस?" मावशीने विचारलं.

मॅडमनी सगळं गोड आवाजात समजावलं. नऊ वाईट बाटल्या मावशीच्या हातून सुटल्या. बाहेर गेल्या असत्या तर कुणाच्या तरी शिरेत काच गेली असती. कदाचित एखाद्या लहान मुलाच्या. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही सोडल्या," मावशी म्हणाली. तिने डोळे पदराने पुसले आणि पुन्हा टेबलावर पाहिलं. "ताटं पुन्हा बघा की."

"बघू ना. आधी वर चला."

तिघे वर गेले. बॅटरी टेबलावरच राहिली.

मी माझा लाल डबा पायांनी पुढे ओढला. दिवसभरात मी पाच बाटल्या टाकल्या होत्या. आत चौदा होत्या. मी बॅटरी लावली. नऊ ठिपके.

जिना वीस पायऱ्यांचा. वर जाऊन एक वाक्य बोलायचं होतं: या नऊ तिच्याच आहेत. मग पुढचा प्रश्न आला असता: तुमच्या डब्यात कशा? आणि त्याच्या पुढचा: तुम्ही तेव्हा कुठे होतात, रोज किती वेळ जाता, तुमच्या स्वतःच्या किती? मी बाळाचं टेंगूळ आठवलं. मुद्दाम आठवलं. ते तर केव्हाच विरलं होतं.

भिंतीजवळ काच चुरडायचं यंत्र असतं. सुटीला प्रत्येकीने आपला आकडा वहीत लिहायचा आणि डबा त्यात ओतायचा. मी वहीत चौदा लिहिलं. झाकण उचललं, डबा उपडा केला, बटण दाबलं. आवाज मिनिटभरसुद्धा टिकला नाही.

मावशी अर्ध्या तासाने खाली आली. काढल्याच्या कागदावर सही झाली होती. "दुसरं काम द्या म्हटलं, झाडू द्या म्हटलं. म्हणतात, झाडायलाही नजर लागते." तिने खुर्चीवरची उशी काखेत घेतली, कप पिशवीत टाकला. मग माझ्याजवळ आली.

"खरं सांग. आज मी पुष्कळ काढल्या. मला आठवतंय ना. तुझ्या डब्यात किती टाकल्या होत्या गं मी?"

तिच्या चेहऱ्यावर आशा होती. एवढी, की माझ्याच्याने तिकडे बघवेना. डबा माझ्या पायाशी होता, रिकामा.

"दोन," मी म्हणाले.

"दोनच?"

"दोनच, मावशी."

मग दिव्यासमोर स्वतःचा हात धरून तिने तो काळ्यावर फिरवला, पांढऱ्यावर फिरवला.

"मग गेली असेल," ती म्हणाली. "आपल्याला कळत नाही म्हणतात, आधी दुसऱ्यांनाच कळतं. तू तुझे डोळे जप हो. झोपत जा."

"हो."

"यांना काय सांगू आता?"

मी तिची पिशवी तिच्या खांद्याला अडकवली.

बाहेर पडायच्या तीन पायऱ्या ती एकतीस वर्षं बोलत, मागे वळून बघत उतरत आली होती. त्या दिवशी तिने उशी खाली ठेवली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि पायाने चाचपत पहिली पायरी शोधली.

माझा कायमचा कागद त्याच आठवड्यात आला. बाळ आता तळमजल्यावर असतं. मावशीच्या जागेवर बावीस वर्षांची मुलगी बसवलीय, हुशार आहे, मला मावशी म्हणते. डब्यात कुणी काही सरकवत नाही. माझ्या पाच-सहाच निघतात, आणि परवा साहेबांनी मला विचारलं, रात्री झोप होते ना?