रफार नसलेला शब्द

बाबांच्या बहुभाषी विज्ञानकोशात हायड्रोजनच्या जड भावंडाचं पान तीन महिने अडून बसलं होतं. बाकी भाषांची घरं कधीच भरली होती. अडलं होतं ते मराठीचं घर, आणि अडवणारी होती कोशाची मुद्रितं तपासणारी त्यांचीच धाकटी लेक.

त्या मंगळवारीही चहा निवेपर्यंत तेच चाललं होतं.

"मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी 'दुसरा'," बाबा म्हणाले. "त्याच शब्दावरून ग्रीक लोक सोमवारलाही 'दुसरा'च म्हणतात."

"तरीच सोमवारी कामावर जाणं जड जातं."

"चिनी लिपीत बघ. वायूच्या खुणेखाली साध्या हायड्रोजनला एक रेघ, याला दोन, तिसऱ्याला तीन. हिशेब चोख. मग आपण दुजा म्हणावं, त्याला हायड्रोजनचं शेपूट लावावं. दुजन."

"ड्यूटेरियम म्हणा आणि मोकळे व्हा. सगळं जग तेच म्हणतं. दुजन कोण वाचणार? लोक दुर्जन वाचतील."

"मी नाव ठेवतो आणि तू नावं ठेवतेस. आपली कामं बरी वाटलेली आहेत."

दुपारी छापखान्यातून कच्चं पान आलं. तिनं ते बाबांच्या पुढ्यात सरकवलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. अक्षरं जुळवणाऱ्यानं आपल्या पदरचा एक रफार देऊन टाकला होता. जड पाण्यात, छापलेल्या मजकुरानुसार, दोन दुर्जन आणि एक ऑक्सिजन होता.

बाबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "म्हणूनच ते पाणी पिण्याच्या कामाचं नाही. रफार काढ."

"शब्दच काढते."

"बरं बाई. उद्या ठरवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले.

अठरा दिवसांनी छापखानेवाल्यांचा फोन आला. बिचारे चाचरत होते. "ताई, तेवढं एक पान राहिलंय. घर रिकामं सोडू का?"

"तासाभरानं सांगते."

थोरली बहीण आवराआवर करायला आली होती. कपाटातून डोकं बाहेर न काढताच ती म्हणाली, "त्यात तासभर कसला? तुझंच खरं कर. आता भांडायला कोण आहे?"

 धाकटीनं बुटांचं जुनं खोकं ओढलं. बाबा शब्दांची कार्डं त्यात ठेवत. 'द'च्या गठ्ठ्यात ते सापडलं. बारीक, सरळ, शाळामास्तरी अक्षर.

"दुजन. दुजा म्हणजे दुसरा, त्यावरून. बसतो थोरल्या हायड्रोजनच्याच घरात, पण वजनाला दुप्पट. दुसरा म्हणून कोणी हलका समजू नये." खाली पेन्सिलीनं, "धाकटी हो म्हणाली तरच छापावा."

तिनं कार्ड दोनदा वाचलं. लहानपणी थोरलीचे झगे वापरावे लागायचे तेव्हा ती रुसायची, "मी आपली दुसरीच." बाबा तिला कडेवर घ्यायचे आणि कण्हायचे, "दुसरी आहे, पण जड आहे हो ही." हे ते विसरले नव्हते.

खरं तर तिला तो शब्द पहिल्याच सकाळी आवडला होता. पण हो म्हटलं की पान मिटणार होतं, आणि पान मिटलं की रोजचं भांडणही. म्हणून ती आज ड्यूटेरियम पुढे करायची, उद्या दुर्जन.

तिनं फोन लावला. "दुजन लिहा. दुजा, त्यातला दुज. पुढे न. रफार नाही."

"नक्की ना, ताई? तुम्हीच तर..."

"नक्की."

फोन ठेवल्यावर बाबांची खुर्ची समोरच होती. कपाटाशी थोरली थांबून ऐकत होती. ऐकेना का.

"चांगला शब्द आहे, बाबा," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून चांगला होता. मी उगीच नावं ठेवत होते."