वहिनीचा बी फ्लॅट

पियानो शिकवणारी नणंद जिन्यावरून घसरली, तिचं उजवं मनगट मोडलं, आणि भाचीच्या व्हायोलिनच्या परीक्षेत साथ कोण करणार हा प्रश्न उभा राहिला. भाचीची आई, म्हणजे वहिनी, लगेच म्हणाली, मी करते. ती दातांची डॉक्टर. लहानपणी थोडाफार पियानो शिकलेली, आणि एकदा शिकलेलं आपण विसरत नाही असा तिचा ठाम समज.

पहिल्याच संध्याकाळी नणंदेला घाम फुटला. धून सोपी होती. ओळीच्या सुरुवातीला फ्लॅटची, म्हणजे सूर अर्ध्यानं उतरवायची, एकच खूण; म्हणजे पानभर जिथे जिथे बी हा सूर येईल तिथे पांढरी पट्टी सोडून तिच्या डावीकडची काळी दाबायची. वहिनी ओळ सुरू होताना ती दाबायची आणि मध्यावर आल्यावर हमखास विसरायची. व्हायोलिन एक सूर लावायचं, पियानो भलताच. भाची गज खाली घेऊन छताकडे बघत राहायची.

वहिनीचं म्हणणं, खूण दर वेळी सुराशेजारीच छापायला काय जातं?

"पेशंटला एखादं औषध चालत नाही, हे तू फाईलच्या प्रत्येक ओळीत लिहितेस का?" नणंदेनं विचारलं.

"नाही. पहिल्या पानावर."

"मग?"

वहिनीनं मान डोलावली, आणि पुढच्याच ओळीत पुन्हा पांढरी पट्टी दाबली.

चार दिवसांनी तिनं नवा मुद्दा काढला. ह्याच पट्टीला ए शार्प, म्हणजे अर्ध्यानं चढवलेला ए, असंही म्हणतात, मग ए शार्पच लिहा ना. नणंदेनं समजावलं, की सप्तकात ए ते जी प्रत्येक अक्षर एकदा यायला हवं. ए शार्प लिहिलं तर ए दोनदा येईल आणि बी बिचारा गायब. वहिनी म्हणाली, गायब झाला तर माझा त्रासच वाचेल. नणंदेनं हातात धरलेली पेन्सिल पियानोवर आपटली आणि चहा करते म्हणून स्वयंपाकघरात गेली. डाव्या हातानं डब्याचं झाकणही निघेना. रडू येईल इतका तिला वैताग आला होता.

बाहेर वहिनी एकटीच, धुनीचा मुख्य सूर असलेल्या एफपासून चढत जाऊन पांढऱ्या पट्ट्या दाबत होती. चौथा सूर, बी, वाजला आणि ती थांबली. पुन्हा वाजवला. मग काळी दाबून पाहिली. मग सगळं सप्तक, सरळ, न अडखळता.

"अगं, ऐक ना," तिनं हाक मारली. "पांढरी वाजवली की दाताखाली खडा आल्यासारखं होतं."

"हेच सांगतेय मी इतके दिवस."

"तू सांगत होतीस. ऐकू मला आत्ता आलं."

त्यानंतर ती खूण बघेनाशीच झाली. चूक झाली की तिचं तिलाच खुपायचं. परीक्षेच्या दिवशी नणंद बाहेर दाराला कान लावून उभी होती. एकही बी चुकला नाही. भाची बाहेर आली तेव्हा हसत होती. आईनं जरा घाई केली, एवढीच तिची तक्रार.

प्लास्टर निघालं तेव्हा नणंदेला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद करून वहिनी नवं पुस्तक घेऊन दारात हजर. आत येऊन स्टुलावर बसली, पान उघडलं आणि ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं.

"इथे दोन शार्प आहेत. एकानं भागलं नसतं का?"

नणंदेनं डोळे मिटले आणि खुर्ची पुढे ओढली.