आधी उतरू द्या

“जरा वाढव गं,” तो म्हणाला, आणि बायकोने मान हलवली. नाही म्हणजे नाही.

उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. आता नाकातली प्राणवायूची नळी पुरेल तेवढंच त्याचं जग. पलंग, खुर्ची, दार. नळी त्याच्या नाकात होती, पण अडकली होती दोघंही. काही हवं असलं की तो चमच्याने पेला वाजवायचा. दोनदा वाजला की ‘जा’, एकदा वाजला की ‘थांब’. सवय जाते थोडीच!

डॉक्टरांनी समजावलं होतं: रक्त प्राणवायू घेऊन अंगभर फिरतं आणि वापरलेली हवा परत फुप्फुसात आणून सोडतं. याच्या थकलेल्या फुप्फुसांतून ती बाहेरच पडत नाही. वरून प्राणवायू जास्त दिला तर ती आणखी साठेल, गुंगी येईल, माणूस झोपेतच जाईल.

“म्हणजे आधी उतरू द्या, मग चढा,” कंडक्टर तेव्हा लगेच म्हणाला होता. कळत सगळं होतं हो त्याला. पण जीव गुदमरत असताना कळून काय करायचं?

त्या दिवशी नणंद आली. भावाची तडफड तिला बघवेना.

“वहिनी, हवासुद्धा मोजूनमापून देतेस?”

हे मात्र वहिनीच्या काळजाला लागलं. ती औषधं आणायला उठली. पेला दोनदा वाजला.

ती परतली तर नणंद ओठांवर बोट ठेवून हसत होती. कसा शांत झोपलाय बघ, म्हणाली, चेहऱ्यावर लाली आलीय. प्राणवायूच्या यंत्राची चावी शेवटपर्यंत फिरवलेली होती.

वहिनीचा हात चावीकडे गेला आणि थबकला. किती दिवसांनी तो असा निवांत दिसत होता! राहू दे, तिला वाटलं. तोही सुटेल, मीही सुटेन. या विचाराचीच तिला भीती वाटली. तिने चावी डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेवर आणली, त्याला उठवून बसवलं, गदागदा हलवलं. नणंद रडत रडत डॉक्टरांना फोन लावत होती.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

“कशाला उठवलंस? किती बरं वाटत होतं.”

डॉक्टरांनी पाठवलेली रुग्णवाहिका निघाली होती. ती घरी पोचेपर्यंत त्याला झोपू द्यायचं नव्हतं. त्याने चाचपडत चमचा उचलला. पेला एकदाच वाजला.

तिला कळलं.

“अहो, अजून आपला स्टॉप आला नाही,” ती म्हणाली, आणि त्याला खांद्याशी धरून बसून राहिली.