शिट्टी माझी नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. लोक मला साउंड कार्ड म्हणतात. काडेपेट्या दोन शेजारी ठेवा, तेवढा माझा आकार. पण अंग पत्र्याचं आहे, प्लॅस्टिकचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात आहे. शेजारी गंजके स्क्रू, एक फुटका प्लग आणि वायरींचा गुंता. यातल्या कुणालाच बोलता येत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

माझं काम सोपं नाही हं. कॉम्प्युटरला गाणं म्हणजे नुसते आकडे. ते आकडे घ्यायचे आणि त्यांचा सूर करून पुढे द्यायचा, हे माझं काम. कॉम्प्युटरच्या पोटातही हे काम करणारा एक तुकडा असतो. पण त्या पोटात पंख्याची आणि विजेची इतकी घरघर, की त्याचा सूर त्यातच मळतो. म्हणून बाहेरून माझ्यासारखी आणावी लागते. आणि बाहेरून आणलेलीला घरात काय मान असतो, ते पुढे कळेलच.

कारखान्यात एका बाईने कानाला हेडफोन लावून मला शेवटचं तपासलं. दोनदा ऐकलं, मान हलवली आणि माझ्या पाठीवर 'ठीक' असा शिक्का मारला. तो शिक्का अजून आहे. उलटून बघायची तसदी घेतली तर दिसतो.

दुकानाच्या काचेमागे मी बरेच दिवस पडून होते. मग एके दिवशी एक म्हातारे आले. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेले, म्हणून गावभर त्यांना रेडिओकाका म्हणत. रेडिओ संपले, दुकान बंद झालं, पण हात काही गप्प बसेनात. त्यांची लेक नर्स होती. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची, दिवसभर गाडीत एकटी. तिच्या गाडीत कॉम्प्युटर बसवून तिची आवडती गाणी वाजवायची, असं काकांनी मनात घेतलं होतं. "हे माझं शेवटचं काम," ते दुकानदाराला म्हणाले, "म्हणून ते सगळ्यात चांगलं झालं पाहिजे."

दुकानदाराने एक नटवी पुढे सरकवली. "काका, ही घ्या. आठ तोंडं आहेत, दिवे लागतात."

"आठ तोंडं? घरात लेकीच्या एका तोंडाला मी पुरा पडत नाही."

मग अंगठ्याएवढी एक दाखवली. "ही पहिल्या खड्ड्यात उडी मारेल," काका म्हणाले आणि तिला बाजूला ठेवली.

नंतर मला उचललं. हलवून पाहिलं, आत काही खुळखुळत नाही ना. वायर ओढून पाहिली. मग डोळे मिटले आणि माझं गोल बटण बोटाने फिरवलं. "डोळे रस्त्यावर, बोट बटणावर," ते म्हणाले. "हीच द्या."

मित्रांनो, मला निवडलं ते असं. माझ्या उभ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा मान.

काकांनी चार दिवस गाडीत पाठ मोडून काम केलं. कॉम्प्युटर सीटखाली, मी डॅशबोर्डला चिकटवलेली, आणि आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर मागे डिकीत. त्याची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळली. सगळं झाल्यावर जोडण्या तपासायचा मीटर पेटीतच राहिला. "मीटर नंतर, कान आधी," ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. इंजिन चालू केलं, गाणं लावलं, कान लावून ऐकलं आणि खूश झाले. लेकीला हाक मारली.

ती आली, बसली आणि तिने रेस दिली. त्याबरोबर स्पीकरमधून एक बारीक शिट्टी निघाली. रेस वाढली तशी शिट्टी चढली, दातांत खडा यावा तशी.

लेकीने बापाकडे पाहिलं. बाप हसत होता. त्याला ती शिट्टी ऐकूच येत नव्हती! म्हातारपणी आधी बारीक आवाज जातात. ज्या कानावर त्या माणसाने चाळीस वर्षं भाकरी मिळवली, तो कान गेला होता, आणि हे त्याला सोडून गाडीतल्या सगळ्यांना कळलं.

"कसा आहे आवाज?" काकांनी विचारलं.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली.

तिथेच चुकलं बघा.

दुसऱ्या दिवशी रस्त्यात तिने माझं बटण शून्यावर नेलं. गाणं थांबलं, शिट्टी तशीच. तिने थेट सगळ्याचाच खटका बंद केला, आणि तो पुढे कधी चालू केलाच नाही. माझ्या बाजूने एवढा एक पुरावा होता, तोही तिने पोटात ठेवला.

सहा महिने मी डॅशबोर्डवर मुकी बसले. ती गाडी चालवताना स्वतःशीच गुणगुणायची, मी समोर असून. वळणावर तिचा हात माझ्या अगदी जवळून जायचा आणि गियरवर पडायचा. घरोघरच्या आजाऱ्यांची ती विचारपूस करायची; माझी कोण करणार? सांजच्याला काका फाटकात उभे असायचे. "आज कुठली गाणी ऐकलीस?" ती दोनचार नावं सांगायची. काकांचा चेहरा उजळायचा. खोट्यावर उजळलेला चेहरा मला समोर बसून बघावा लागायचा.

मग एकदा डोळे तपासायला काका तिच्याबरोबर निघाले. बसल्या बसल्या त्यांनी सवयीने माझ्या बटणाला बोट लावलं आणि बोट डोळ्यांजवळ नेलं. बोटाला धूळ होती.

"तू आवाज लावत नाहीस."

"लावते की, बाबा."

"रोज फिरणाऱ्या बटणावर धूळ बसत नाही. मला शिकवू नकोस."

तिने गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. काकांनी बोटाची धूळ पुसली. "सगळ्यांना ऐकू येते? मला एकट्यालाच नाही?" एवढंच त्यांनी विचारलं. तिने होकाराची मान हलवली. गाडी माघारी वळली. डोळे तपासायचे राहून गेले.

घरी पोहोचल्यावर राग कुणावर निघाला असेल? माझ्यावर! आपला कान गेला हे मानणं जड, त्यापेक्षा बाहेरून आणलेली डबी खोटी निघाली, हे सोपं. मला उपटलं आणि या डब्यात टाकलं. नाचता येईना, अंगण वाकडं. चारच दिवसांत माझ्या जागी ती आठ तोंडांची नटवी आली.

माझा डबा तेव्हा गाडीजवळच उघडा होता, म्हणून पुढचं मी पाहिलं-ऐकलं. इंजिन सुरू झालं, रेस दिली.

"आता?" काकांचा आवाज.

लेक घुटमळली. मग म्हणाली, "आता खोटं नाही बोलणार, बाबा. शिट्टी आहे तशीच आहे. आवाज पूर्ण बंद केला तरी येते. त्या जुन्या डबीचंही असंच होतं."

"बंद केला तरी? अगं, हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट वाटलं असतं आणि शिट्टी गेली असती! मग ती पुढून येत नाही, मागून येते. तू ऐक, मी शोधतो."

काका डिकीत शिरले. अर्थिंगचा स्क्रू काढला. त्याच्याखाली गाडीचा रंग तसाच होता. वायर पत्र्याला लागलीच नव्हती, रंगालाच टेकून बसली होती, आणि रंगातून वीज जात नाही. बसवताना नजर कमी पडली, कमर आखडलेली, त्यात मीटर पेटीतच. काकांनी रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा केला आणि स्क्रू पुन्हा आवळला.

"आता?"

"गेली, बाबा! गेली!"

"मला तर ती सुरुवातीपासूनच गेलेली होती," काका म्हणाले, आणि दोघंही इतकी हसली की लेकीला डोळे पुसावे लागले. पुढच्या आठवड्यात ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. आता त्यांच्या कानामागे एक छोटं यंत्र असतं. तेही बाहेरूनच आणलेलं, बरं का.

माझं काय? मित्रांनो, निर्दोष ठरलेल्याला परत बोलावतातच असं नाही. नटवी बसली ती बसली. काम चालतंय म्हटल्यावर कोण पुन्हा उकरतं?

एकदा काका स्क्रू शोधायला आले. मला बघून थबकले. बटण फिरवलं आणि आत हाक मारली, "अगं, हिचा आवाज मी अजून नीट ऐकलेलाच नाही!"

"रविवारी जोडू, बाबा," आतून उत्तर आलं.

झाकण लागलं. डब्यात वार कळत नाहीत, पण रविवार बरेच गेले असावेत.

तर मित्रांनो, माणूस असो की डबी, खटकलं तर तोंडावर सांगा. माया करून गप्प राहिलात, तर ठपका तिसऱ्याच्याच माथी बसतो. आणि तुमच्याही घरी कुणाला असं डब्यात टाकलं असेल, तर त्याला बाहेर काढा, धुळीवर फुंकर मारा आणि जोडून बघा. शिट्टी आलीच, तर आधी स्क्रू तपासा. मला बोल लावायचा तो मग लावा.